अंड्याच्या साहाय्याने परासरणाचा पाठ

लोणच्याकरिता कैरीच्या फोडी चिरून त्यांस मीठ लावून ठेवले म्हणजे काही तासांतच भांड्याच्या तळाशी पाणी साचते. ही गोष्ट यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यातल्या मुलाने आपल्या घरी पाहिलेली असते. भांड्यात पाणी कोणी ओतलेले नसते आणि मीठ तर कोरडे असते. मग हे पाणी आले कोठून? उलटपक्षी, सुकलेली मनुका वाटीभर पाण्यात टाकून ठेवली तर सकाळपर्यंत ती टपोरी होते. येथे पाणी फळातून बाहेर आले, तेथे ते फळात शिरले. या दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. पाठ्यपुस्तके त्यास परासरण म्हणतात. मराठी विश्वकोशात यासाठी तर्षण असा शब्द योजलेला आहे. तोही शिक्षकांच्या कानावरून गेलेला असावा, कारण तहानेचा अर्थ त्यात आपोआप येतो.

वर्गात हा विषय बहुधा व्याख्येने सुरू होतो व व्याख्येनेच संपतो. "अर्धपार्य पटलातून विद्रावकाचे कमी संहत द्रावणाकडून अधिक संहत द्रावणाकडे होणारे वहन" हे वाक्य विद्यार्थी घडाघडा म्हणतात. मात्र मनुका का फुगली, असे विचारले की वर्ग गप्प होतो. यात मुलांचा दोष नाही. पटल, संहत, विद्रावक या तिन्ही शब्दांना त्यांच्या अनुभवात आधार नसतो. तो आधार देण्यास कोंबडीच्या अंड्याइतके सोयीचे साधन शोधूनही सापडणार नाही. अंड्याच्या कवचाखाली निसर्गाने तयार पटल ठेवलेले आहे. शिवाय ते हातात धरता येईल एवढे मोठे आहे. वनस्पतीच्या पेशीत हीच क्रिया पाहावयाची तर सूक्ष्मदर्शक लागतो.

प्रयोगाची पहिली पायरी कवच काढण्याची. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते, म्हणजे वणी परिसरातील चुनखडकात जे द्रव्य आहे तेच. आम्लाशी संयोग होताच हे द्रव्य विरघळते व कार्बन डायऑक्साइड वायूचे बुडबुडे निघतात. याकरिता शिर्का, म्हणजे व्हिनेगर, वापरावा. तालुक्याच्या गावी किराणा दुकानात त्याची बाटली सहज मिळते. चायनीज पदार्थांच्या गाड्या आता लहान गावांतही उभ्या राहू लागल्यापासून ही वस्तू दुर्मिळ राहिलेली नाही. एका कवचाचे वजन सुमारे ५ ते ६ ग्रॅम भरते. ते विरघळविण्यास साध्या शिर्क्याचा पाव लिटर पुरतो. लिंबाच्या रसानेही काम होते, परंतु दहा-बारा लिंबे पिळावी लागतात, वेळ अधिक लागतो आणि अंड्यावर पांढरा साका बसतो. संडास धुण्याचे आम्ल किंवा बॅटरीतील आम्ल कोणत्याही कारणाने शाळेत आणू नये. काम लवकर होईल या मोहाने एखादा उत्साही विद्यार्थी ते घरून आणण्याची शक्यता असते, म्हणून ही सूचना प्रयोगाच्या आदल्या दिवशीच द्यावी.

अंडी कच्चीच हवीत व तडा गेलेली नसावीत. गावरान असोत वा पोल्ट्रीची, प्रयोगास दोन्ही चालतात. किमान चार अंडी घ्यावीत, कारण कवच गेलेले अंडे फुटण्यास निमित्त लागत नाही. काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत अंडे ठेवून ते बुडेल इतका शिर्का ओतावा. क्षणभरातच अंड्याच्या सर्वांगावर बुडबुडे जमतात. त्यांच्या आधाराने ते कधी वर येते व वळून पुन्हा खाली बसते. पहिल्या दिवशी मुलांचे लक्ष या खेळातच गुंतून राहते. ते राहू द्यावे. दुसऱ्या दिवशी वर आलेला मळकट फेस काढून शिर्का बदलावा. साधारणतः दोन दिवसांत कवच नाहीसे होते. उरलेला भुरा थर पाण्याखाली बोटांनी हलकेच चोळला म्हणजे निघून जातो. मग हातात येते ते रबरी चेंडूसारखे, अर्धपारदर्शक अंडे. सूर्याकडे धरले असता आत हलणारा पिवळा बलक स्पष्ट दिसतो. पडवीत नेऊन प्रत्येक मुलास हे एकदा पाहू द्यावे.

मोजमापाकडे बहुतेक शाळांत दुर्लक्ष होते, आणि मोजमापावाचून हा प्रयोग केवळ गंमत ठरतो. शिर्क्यात घालण्यापूर्वी प्रत्येक अंड्याचा सर्वांत रुंद भागाचा घेर दोऱ्याने मोजून घ्यावा, दोरा पट्टीवर धरून आकडा लिहावा व अंड्यावर पेन्सिलीने क्रमांक टाकावा. कवचाबरोबर हा क्रमांकही जाणार, हे मुलांना आधीच विचारून त्यांच्याकडूनच काढून घ्यावे. बरण्यांवर चिठ्ठ्या लावण्याची युक्ती मग तीच सुचवितात. गावातील दुकानदाराकडे ग्रॅम दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा असल्यास तो तासाभराकरिता मागून आणावा. वजनाचे आकडे दोऱ्यापेक्षा अधिक बोलके असतात. मात्र अंडे काट्यावर ठेवण्यापूर्वी ते बशीत घ्यावे, ओल कापडाने टिपून घ्यावी व बशीचे वजन वजा करावे.

कवच गेल्यावर केलेले माप पाहताच वर्गात पहिला वाद होतो. कवच गेले म्हणजे अंडे हलके व लहान व्हावयास हवे होते, पण ते मोठे झालेले असते. "गुरुजी, अंड्यानं पाणी पेलं का जी?" असा प्रश्न एखादा मुलगा हमखास विचारतो. त्यास लगेच होकार देऊ नये. कोणी म्हणेल की कवचाने अंडे दाबून ठेवले होते, ते जाताच अंडे पसरले. हा तर्क मुळीच मूर्खपणाचा नाही, आणि तो तपासण्याचा मार्ग वर्गानेच शोधावा. पसरलेल्या अंड्याचा आकार वाढेल, वजन वाढणार नाही. येथे वजनही वाढलेले आहे. म्हणजे बाहेरून काहीतरी आत आले. शिर्क्यात शंभर भागांत चार-पाच भाग ॲसिटिक आम्ल असते व बाकी जवळजवळ सर्व पाणीच असते, हे त्यानंतर सांगावे. जोडीला एक कवचासह अंडे दोन दिवस साध्या पाण्यात ठेवलेले असेल तर फारच उत्तम. त्याच्या घेरात फरक पडलेला आढळत नाही, कारण कठीण कवच फुगू देत नाही.

आता कवचरहित अंड्यांपैकी एक साध्या पाण्यात व दुसरे साखरेच्या दाट पाकात ठेवावे. पाकासाठी दोन वाट्या साखर व एक वाटी पाणी घेऊन ते गरम करावे व पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम पाकात टाकलेले अंडे आतून थिजले की प्रयोग वाया गेला. गुळाचा पाकही चालेल, परंतु त्याच्या रंगामुळे आतले काही दिसत नाही. पाक अंड्यापेक्षा जड असल्याने अंडे त्यावर तरंगते. म्हणून वरून लहान वाटी उपडी ठेवून ते बुडवावे, अथवा चार-पाच तासांनी उलटत राहावे. हे लिहिण्याचे कारण असे की, अर्धे अंडे पाकाबाहेर राहिल्यामुळे निष्कर्ष अर्धवट येतो आणि शिक्षकास आपलेच काही चुकले असे वाटते.

दुसऱ्या दिवशी पाण्यातले अंडे अधिक ताणलेले व टणक लागते. पाकातले मात्र सुरकुतलेल्या पिशवीसारखे लोळागोळा होऊन पडलेले असते. त्याच्या भोवती पाकाचा जो थर असतो तो पातळ झालेला दिसतो. अंड्यातून बाहेर आलेले पाणी ते हेच. हेच सुरकुतलेले अंडे धुऊन साध्या पाण्यात टाकावे. पुढील दिवसापर्यंत ते पुन्हा भरून येते, आणि या एका दृश्याने जे समजते ते तासभराच्या व्याख्यानाने समजत नाही.

येथे स्पष्टीकरणाची वेळ येते, आणि बहुतेक चुका याच वेळी होतात. "साखर पाणी ओढून घेते" किंवा "मीठ पाणी खेचते" असे सांगण्याची पद्धत आहे. बोलताना ते सोयीचे असले तरी त्यामुळे मुलांच्या मनात साखरेला हात आहेत अशी काहीतरी कल्पना बसते. वस्तुतः पाण्याचे रेणू पटलातून दोन्ही दिशांनी सतत ये-जा करीत असतात. अंड्याच्या आत प्रथिने विरघळलेली आहेत व पटल त्यांना बाहेर जाऊ देत नाही. साध्या पाण्याच्या बाजूस पटलापाशी पाण्याशिवाय दुसरे काहीच नसल्याने तिकडून आत येणाऱ्या रेणूंची संख्या अधिक असते. पाकात याच्या उलट घडते. आठवडी बाजाराच्या फाटकाचे उदाहरण द्यावे. फाटक इतके अरुंद आहे की माणूस जाऊ शकतो, बैलगाडी जाऊ शकत नाही. एका बाजूस केवळ माणसे आहेत. दुसऱ्या बाजूस माणसे आहेत व त्यांच्यामध्ये गाड्याही उभ्या आहेत. गाड्यांच्या बाजूने फाटकापर्यंत पोचणारी माणसे कमी, म्हणून ठरावीक वेळात गाड्यांच्या बाजूस माणसांची भर पडत जाते. कोणी कोणास ओढलेले नसते. उदाहरण हे उदाहरणच असते, ते फार ताणू नये. परंतु 'खेचणे' या शब्दापेक्षा ते सत्याच्या जवळ आहे.

एखादा चौकस विद्यार्थी मिठाच्या पाण्यातही अंडे ठेवून पाहील. तेथे फरक पाकाइतका ठळक दिसत नाही व कधीकधी गोंधळात टाकणारा येतो. त्याचे कारण अंड्याचे पटल सर्वच पदार्थांना अडविते असे नाही. प्रथिने त्यातून जात नाहीत, मिठाचे अतिसूक्ष्म कण मात्र काही अंशी जातात. शिर्क्यातील आम्लही आत गेलेले असतेच. पुस्तकातले आदर्श पटल व निसर्गातले पटल यांत हा भेद राहतो, आणि तो लपविण्याचे कारण नाही.

शास्त्रज्ञांनाही या घटनेने पुष्कळ काळ चकविले होते. फ्रान्समधील आबे नॉले यांनी १७४८ साली मद्यार्काने भरलेल्या पात्राचे तोंड प्राण्याच्या मूत्राशयाच्या कातडीने बांधून ते पाण्यात ठेवले, तेव्हा ती कातडी फुगून वर आली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात द्यूत्रोशे यांनी या क्रियेचा वनस्पतींच्या जीवनाशी संबंध जोडला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फेफर यांनी १८७७ मध्ये तिचा दाब मोजला. त्या मापांच्या आधारे नियम मांडणारे व्हान्ट हॉफ यांस १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिलेच नोबेल पारितोषिक मिळाले. एका फुगलेल्या कातडीपासून तेथवर दीडशे वर्षे लागली. वर्गात दोन दिवस लागले तर बिघडत नाही.

कित्येक घरांत अंडे वर्ज्य असते, ही गोष्ट शिक्षकाने आधीच ध्यानात घ्यावी. अशा मुलास अंड्यास हात लावण्याचा आग्रह करू नये व इतरांना त्याची थट्टा करू देऊ नये. त्याच्याकरिता दुय्यम नव्हे तर बरोबरीचा प्रयोग उपलब्ध आहे. मोठा बटाटा घेऊन त्याचा तळ सपाट कापावा, खालच्या भागाची साल काढावी व वरून चमच्याने वाटीसारखा खड्डा कोरावा. खड्ड्यात थोडा साखरेचा पाक घालून पातळीशी टाचणी टोचावी व बटाटा पाण्याच्या बशीत ठेवावा. काही तासांत खड्ड्यातील द्रवाची पातळी टाचणीच्या वर चढते. शेजारी उकडलेल्या बटाट्याची तशीच वाटी ठेवावी. उकडल्याने पेशींची पटले नष्ट झालेली असतात, म्हणून तेथे पातळी तशी वर येत नाही. पटल अखंड असल्याशिवाय ही क्रिया होत नाही हा मुद्दा अंड्यापेक्षा बटाट्यानेच अधिक चांगला सिद्ध होतो. भिजत घातलेल्या हरभऱ्याचे उदाहरण मात्र येथे देऊ नये. कोरडे धान्य पाणी शोषून फुगते तेव्हा आरंभी घडते ती मुख्यतः अंतःशोषणाची वेगळी क्रिया असते.

शेतकऱ्याच्या घरच्या मुलास या तत्त्वाचा प्रत्यय शेतात येतो. मुळाच्या पेशींतील रस जमिनीतल्या पाण्यापेक्षा अधिक संहत असतो, म्हणून पाणी मुळात शिरते. पऱ्हाटीच्या कोवळ्या रोपाच्या अगदी बुडाशी मूठभर युरिया पडला व ओल कमी असली तर तेथील पाणीच मुळातील रसापेक्षा संहत होते आणि रोप कोमेजून जळाल्यासारखे दिसते. खत बुंध्यापासून थोडे दूर द्यावे असे जुनीजाणती माणसे सांगतात, त्याचे हे कारण. शेजारच्या अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तेथे भूजल खारट असल्याने विहिरीत पाणी दिसत असूनही ते पिकास देता येत नाही. पाकातल्या अंड्याची आठवण दिली म्हणजे जमीन ओली असूनही रोप तहानेले का राहते, हे मुलांना निराळे सांगावे लागत नाही.

या सर्वांहून निकडीचा विषय हगवणीचा आहे. पावसाळ्यात नाल्याचे पाणी विहिरीत उतरते आणि अंगणवाडीपासून शाळेपर्यंतची मुले आजारी पडू लागतात. हगवणीत जीव जातो तो बहुधा शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्याने. यावरील उपाय म्हणजे मीठ-साखरेचे पाणी, ज्यास दवाखान्यात ओआरएस किंवा जलसंजीवनी म्हणतात. १९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी सीमेवरील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली व शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिण्यास देण्याचा निर्णय घेतला. द्रावण पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांनीही केले. जेथे सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, तेथे हे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले. पुढील वर्षी त्यांस मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

या द्रावणात साखर गोडीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरातील पेशी ग्लुकोज व मिठातील सोडियम ही दोन्ही जोडीने आत घेतात. त्यांच्यामागोमाग पाणी परासरणाने आत जाते. साध्या पाण्याने हे काम तितके साधत नाही. परंतु द्रावण प्रमाणाबाहेर दाट झाले तर तेच पाकातल्या अंड्याचे चित्र पोटात उभे राहते. पाणी शरीरातून उलट आतड्यात उतरते व हगवण वाढते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली आपले सूत्र बदलून द्रावणाची एकूण संहती ३११ वरून २४५ एककांपर्यंत खाली आणली, ती याच विचाराने. सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असते.

घराघरांत चूक होते ती येथेच. लिटरची संपूर्ण पुडी एका पेल्यात कालविली जाते, 'औषध कडक झाले म्हणजे लवकर उतार पडेल' अशा समजुतीने. कोठे पुडी थोडी थोडी चमच्याने काढून अंदाजाने पाण्यात टाकतात, कोठे बाळ पीत नाही म्हणून वरून साखर घालतात. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच व २०० मिलिलिटरची पुडी तेवढ्याच पाण्यात पूर्ण घालावयाची असते. पुडी मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर व अर्धा सपाट लहान चमचा मीठ हे प्रमाण धरावे. शिगोशीग चमचा नव्हे. शाळेत लिटरच्या बाटलीने गावातील नेहमीचा पेला व तांब्या मोजून घेण्याचा उपक्रम याच पाठाबरोबर करावा. आपल्या घरच्या तांब्यात किती पाणी मावते हे मुलास माहीत असले तर तो आईस सांगू शकतो. अंडे म्हणजे आतडे नव्हे, एवढे मात्र बजावावे. अंड्याच्या पटलात ग्लुकोज व सोडियम जोडीने आत घेणारी जिवंत यंत्रणा नाही. दाट द्रावणाकडे पाणी जाते, इतकाच भाग दोहोंत समान आहे. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा शौचातून रक्त पडले तर द्रावण पाजत पाजतच त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते व तेथे आर.ओ. यंत्रांचे पाणी परिचयाचे झाले आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड पिण्यास अयोग्य मानतात. ते डोळ्यांस दिसत नाही, फडक्याने गाळून जात नाही व उकळूनही जात नाही. आर.ओ. यंत्रात परासरणाची दिशा उलटविलेली असते. क्षारयुक्त पाण्यावर पंपाने दाब देऊन त्यास पटलातून साध्या पाण्याच्या बाजूकडे ढकलले जाते. यासाठी उपयोगी पडेल असे पटल १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत सिडनी लोब व मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन यांनी तयार केले. गावात असे यंत्र असल्यास वर्ग तेथे न्यावा व दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी कोणते, हे चालकास विचारण्यास मुलांना सांगावे.

वर्गातील नोंदी मुलांनी स्वतःच्या वहीत कराव्यात. मूळ घेर, शिर्क्यानंतरचा, पाण्यानंतरचा व पाकानंतरचा, असे चार रकाने पुरतात. प्रत्येक पायरीपूर्वी आपला अंदाज लिहावा व तो चुकल्यास खोडू नये. अंडे फुटले तर 'फुटले' असेच लिहावे. कच्च्या अंड्यास हात लावल्यावर साबणाने हात धुणे सक्तीचे असावे आणि प्रयोगातील अंडे कोणी खाऊ नये, कितीही चांगले दिसले तरी. काम संपल्यावर अंडी खताच्या खड्ड्यात पुरावीत, वापरलेला शिर्का पाण्याने पातळ करून तेथेच ओतावा. पाकाची बरणी त्याच दिवशी धुऊन ठेवावी, नाहीतर दुसऱ्या सकाळी कपाटात मुंग्यांची रांग लागलेली असते.